नितळ पाझर, गढूळ पाझर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा तोंडावर आला की आकाशवाणीला कवींची आठवण होते. मृगाची पहिली सर, मातीचा वास, 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा, यांवर कवीने पंधरा मिनिटे बोलावे अशी साधी अपेक्षा असते. मीही आजवर तेच करत आलो. या खेपेला मात्र मी विषय बदलून मागितला. मला एका लहानशा तलावाविषयी बोलायचे आहे. त्यातही त्याच्या पाण्याविषयी नव्हे, तर ते पाणी अडवून धरणाऱ्या मातीच्या भरावाविषयी. मी अभियंता नाही. साधा बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते मला एका चौकीदाराने, दोन-तीन कनिष्ठ अभियंत्यांनी आणि माझ्या आईने शिकवलेले आहे. चुकले तर ते माझे, एवढे धरून चाला.

आमचे शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात. पूर्वी आम्ही निलंगा तालुक्यात होतो, १९९९ मध्ये आमचा स्वतंत्र तालुका झाला. घरणी नदी आमच्या भागातून वाहत जाऊन मांजरेला मिळते. तालुक्यात घरणी आणि साकोळ असे दोन मध्यम प्रकल्प आहेत. बाकी सगळे लहान लहान साठवण तलाव आणि पाझर तलाव. वर बालाघाटचे पठार, खाली काळी जमीन. गावाच्या नावातच 'पाळ' आहे. देवाच्या नावातली पाळ वेगळी आणि तलावाची पाळ वेगळी, हे मला ठाऊक आहे, पण पाळ म्हणजे बांध आणि पाळणे म्हणजे सांभाळणे, हे दोन शब्द इतके शेजारी राहतात की कवीचे मन तिथे थबकतेच.

आता एक गंमत पाहा. जून ते ऑक्टोबर आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. मांजरा इतके टक्के, निम्न तेरणा इतके टक्के, घरणी इतके टक्के. आपण चहा पिता पिता ती चौकट आधी वाचतो आणि मग बाकीचा पेपर. आकडा वाढला की घरात आनंद होतो. यात नवल नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्याने ते दिवस पाहिले, तो भरलेल्या तलावाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेने पाहणार? आपल्या लेखी तलावाला एकच प्रश्न विचारायचा असतो: 'किती भरला?' तो 'कसा आहे?' असे कोणी विचारत नाही. पाणी किती साठले ते छापून येते, पण ज्या भरावाच्या आधाराने ते साठले त्याच्या तब्येतीची चौकट मी आजवर कुठल्याच पेपरात पाहिली नाही.

दुष्काळी मुलखातला माणूस पाण्याला भीत नाही, पाणी नसण्याला भितो. त्यातूनच ही गफलत होते.

ज्या तलावाविषयी मी बोलतोय त्याचे नाव मी सांगणार नाही. असे तलाव गावोगाव आहेत, तुमच्याही शिवारात असेल. १९७२ च्या दुष्काळात तो बांधला गेला. त्या वर्षी मी आईच्या कडेवर होतो. माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, त्या कामावर होती. सकाळी मस्टरवर नाव, दिवसभर डोक्यावर मातीचे टोपले, मुकादमाचा आवाज, दुपारी लेकरांसाठी सुकडी. घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. मला बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत झोपवून ती माती वाहायची. आजही तलावाचा विषय निघाला की ती एवढेच म्हणते, "उसमें मेरी भी मिट्टी है." मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत असे म्हणणारी एखादी म्हातारी अजून असेल. हे तलाव आधी पाण्यासाठी झालेच नाहीत, ते भुकेसाठी झाले. हातांना काम हवे होते म्हणून माती टाकली गेली. बऱ्याच ठिकाणी ती चांगली दाबली गेली, रूळ फिरला, पाणी शिंपडले. काही ठिकाणी घाईत राहून गेले. कुठे काय राहिले ते आता त्या मातीलाच ठाऊक.

मातीचा भराव म्हणजे नुसता ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण. खाली जमिनीत खोल चर खणून तोही चिकणमातीने भरलेला, म्हणजे पाणी तळातून निसटू नये. पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा झेलायला दगडी पिचिंग. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगड आणि वाळू यांची अशी मांडणी, की भरावात मुरलेले पाणी हळूहळू, निमूटपणे बाहेर यावे. एका टोकाला सांडवा. तलाव भरला की जादा पाणी तिथून निघून जाते. आपल्याकडच्या बहुतेक लहान तलावांच्या सांडव्याला दरवाजे नसतात. उघडा-मिटायचा प्रश्न नाही, पाणी उंचीला आले की आपोआप वाहते.

आणि इथेच तो शब्द येतो, पाझर. मराठीत या शब्दाला फार माया आहे. दगडाला पाझर फुटतो, आईला पान्हा फुटतो. आपल्याकडे तलावाचेच नाव 'पाझर तलाव', कारण त्याचे पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या विहिरींना उतरावे यासाठीच तो असतो. मला वर्षानुवर्षे वाटायचे, भरावातून पाणी झिरपले म्हणजे भराव बिघडला. मग एका चौकीदाराने माझा हा गैरसमज काढला.

त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. तलावाजवळच त्यांची खोली होती. एकदा सप्टेंबरात संध्याकाळी मी पाळूवर फिरायला गेलो, तर त्यांच्या खिडकीत ओळीने बाटल्या मांडलेल्या. देशी दारूच्या. मी जरा चपापलो. काका हसले. म्हणाले, "भाई, पिणारे टाकून जातात, मी धुऊन घेतो." प्रत्येक बाटलीवर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. पायथ्याच्या चरातून जे पाणी बाहेर येते, ते दर आठवड्याला एका बाटलीत भरायचे आणि खिडकीत ठेवायचे. दोन दिवसांनी तळाशी काय बसले ते बघायचे. काही बसले नाही तर बरे. माती बसली तर वाईट. मी विचारले, "पण पाणी झिरपतंय हेच वाईट नाही का?" ते म्हणाले, "माणसाला घाम येतो, तसं हे. घाम आला म्हणून कोण दवाखान्यात जातं? घामात रक्त दिसलं तर जायचं."

धरणाच्या सुरक्षिततेवर पुढे मी जे काही वाचले-ऐकले, त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही. नितळ पाझर म्हणजे पाणी वाट काढत आहे, पण माती जागची हललेली नाही. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर भरावाची माती बाहेर येत आहे. आत कुठेतरी बारीक नळी तयार होते आहे. नळी रुंदावली की पाणी वाढते, पाणी वाढले की नळी आणखी रुंदावते. बाहेरून भराव तसाच दिसतो, हिरवा, शांत, वर गुरे चरत असतात. आतून तो पोखरत चाललेला असतो. हे सुरू झाल्यावर कधी आठवडे लागतात, कधी एक रात्र पुरते.

मोठ्या धरणांवर हीच बाटली वेगळ्या रूपात असते. पायथ्याच्या चरात एक पत्रा आडवा बसवतात आणि त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडतात. तिला व्ही-नॉच म्हणतात. पाझराचे सगळे पाणी त्या खाचेतून जाते आणि खाचेत पाणी किती उंच आहे ते पट्टीवर वाचतात. साधे दिसते, पण त्यात एक मेख आहे, ती मला एका कनिष्ठ अभियंत्याने सांगितली. पट्टीवरची उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट झाले असे नाही, ते साडेपाच पटींहून अधिक झालेले असते. वरवर पाहणाऱ्याला फरक थोडाच दिसतो, पण हिशेब करणाऱ्याला घाम फुटतो. म्हणून ते वाचन नुसते वहीत लिहून भागत नाही, ते मागच्या वर्षीच्या त्याच पाणीपातळीच्या वाचनाशी लावून पाहावे लागते. तलाव भरला की पाझर वाढणारच. पण पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा एकाएकी कमी झाला, तर जाऊन पाहायचे. कमी झाला तरीही. कारण पाण्याने दुसरी वाट धरलेली असू शकते.

काही धरणांच्या पोटात उभ्या नळ्याही बसवलेल्या असतात. मातीच्या आत पाणी कुठवर चढले आहे ते त्यांवरून कळते. लहान तलावांना असले काही नसते. तिथे डोळे हेच यंत्र. मे महिन्यात सगळे रान करपलेले असताना भरावाच्या कोरड्या बाजूला एखादा तुकडा हिरवागार दिसला, तर कवीला तो सुंदर वाटेल, पण चौकीदार तिथे खुंटी ठोकून खूण करील. भरावावर बाभळी, कडुनिंब वाढू द्यायचे नसतात, कारण मुळे आत शिरतात आणि झाड मेले की मुळांच्या जागी पोकळ्या उरतात. घुशी, साळिंदर, खेकडे बिळे करतात, ती शोधून बुजवायची असतात. पावसाने पडलेल्या घळी मुरमाने भरायच्या असतात. आणि भेगा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे आपल्याला कोणी सांगायला नको. पाळूच्या लांबीने गेलेली भेग एक वेळ चालेल, तिच्यावर लक्ष ठेवता येते. पण पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी गेलेली भेग म्हणजे पाण्याला दिलेले आवतणच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आमची घरे हलली. त्यानंतर भिंतींच्या भेगा सगळ्यांनी मोजल्या. तलावाच्या पाळूवर जाऊन भेगा पाहणारे माझ्या आठवणीत काका एकटेच होते.

आता थोडे कडू बोलतो. या भरावांचे शत्रू फक्त घुशी आणि खेकडे नाहीत. आपणही आहोत. घराच्या पायासाठी पिचिंगचे दगड कोणी नेले? आपणच. भरावाच्या पायथ्याचा मुरूम रात्री ट्रॅक्टरने कोणी उचलला? मोटारीचा पाईप पाळू खोदून आरपार कोणी नेला? चार बोटे पाणी जास्त थांबावे म्हणून सांडव्यावर पोती आणि दगड कोणी रचले? हे शेवटचे फार भयंकर आहे आणि करणाऱ्याला ते पुण्याचे काम वाटते. सांडवा म्हणजे तलावाच्या नाकपुड्या. त्या अर्ध्या बुजवल्या की मोठ्या पावसात पाणी सांडव्यावरून न जाता पाळूवरून जाते. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की मग वाचवायला काही उरत नाही. सांडव्याच्या खालच्या नाल्यात तर आपण सोयाबीन पेरतो आणि तो नाला होता हेच विसरून जातो.

इतिहासातली उदाहरणे सांगायची तर पानशेतपासून सुरुवात करावी लागते. १२ जुलै १९६१. धरणाचे काम पुरते झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अर्धवट होते आणि पाणी मात्र साठले. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत फुटले, दुपारी खाली खडकवासल्याची भिंत गेली आणि पुणे पाण्याखाली गेले. पण पोत्यांच्या त्या एका रात्रीने धरणफुटीची वेळ उजेडावर ढकलली. पुणे झोपेत असताना ते पाणी आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पुढे ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरवीजवळ मच्छू नदीवरचे दुसरे धरण गेले. तिथे सांडव्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी आले आणि ते बाजूच्या मातीच्या भरावांवरून वाहिले. मेलेल्यांचा नक्की आकडा आजही वादातच आहे.

ही मोठी नावे झाली. माझ्या मनात घर करून आहे ते चिपळूण तालुक्यातले तिवरे. धरण लहान. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. डागडुजी केल्याचेही सांगितले गेले. म्हणजे पाझर दिसला होता, कोणी तरी तो पाहिला होता, बोललाही होता. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि सगळा महाराष्ट्र हसला आणि चिडलाही. खेकडे बिळे करतात हे खोटे नाही, पण बीळ दिसल्यावर ते बुजवणे हे खेकड्याचे काम नसते.

आमच्यावर अशी वेळ २०२१ च्या सप्टेंबरात येऊन गेली. गुलाब नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याचे उरलेले ढग २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यावर रिते झाले. तिकडे मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची माणसे अडकली. इकडे आमचा लहान तलाव आठ दिवस आधीच काठोकाठ भरलेला होता. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. लहान तलाव पूर अडवतो हे खरे, पण केव्हा? जुलैत, तो रिकामा असताना. तेव्हा नाल्याचा लोंढा तो पोटात घेतो आणि खालच्या गावाला काही कळतही नाही. सप्टेंबरात तोच तलाव भरल्या पोटी बसलेला असतो. त्याच्या ताटात आणखी वाढले तर तो फार तर थोडा वेळ रोखून धरतो, मग सगळे सांडव्यावरून खाली. मराठवाड्यात मोठा पाऊस बहुतेक परतीचाच असतो, म्हणजे नेमका तलाव भरलेले असतानाच येतो.

रात्री साडेनऊच्या सुमारास गावात आवई उठली की तलाव फुटला. फुटला नव्हता. पण तेव्हा काका निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती आणि त्यांची जागा भरली गेली नव्हती. ज्या कार्यालयाचा फोन भिंतीवर रंगवला होता तो नंबर बंद होता. मी आणि गल्लीतली चार पोरे बॅटऱ्या घेऊन पाळूवर गेलो. पाऊस इतका की बॅटरीचा उजेड चार पावलांवर विझत होता. सांडवा धो धो वाहत होता आणि पाणी पाळूच्या माथ्याच्या हातभर खाली होते. मग पायथ्याला उतरलो. चर भरून वाहत होता. पावसाचे पाणी कुठले आणि पाझराचे कुठले, समजेना. एका पोराच्या खिशात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. ती रिकामी करून, जिथून पाणी भरावातून उसळताना दिसत होते, तिथे तोंड लावून भरली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. चहासारखा रंग होता.

नंतरचे थोडक्यात सांगतो. मशिदीच्या भोंग्यावरून मी सांगितले, मारुतीच्या देवळातून घंटा वाजत राहिली आणि खालच्या आळीतली सगळी माणसे शाळेच्या खोल्यांत आली. कोणाची शेळी, कोणाचा टीव्ही, कोणाची आजारी आजी. अम्मा आमच्या घरून यायला तयार नव्हती. म्हणाली, "मैंने डाली सो मिट्टी ऐसी नहीं फूटती." तिला मुलांनी खुर्चीवर उचलून आणले. पहाटे तालुक्याहून एक तरुण अभियंता कसाबसा पोचला, मोटारसायकल अर्ध्या वाटेत टाकून चालत. आमचे लोक तोवर त्या उसळीत पोती कोंबून भोक बुजवायला लागले होते. त्याने आधी ते थांबवले.

हे मला आजही नवल वाटते. भोक बुजवायचे नसते. समोरून तोंड बंद केले तर पाणी आतल्या आत दाब वाढवून शेजारून फुटते. त्याने त्या जागेवर आधी वाळू टाकायला लावली, वाळूवर बारीक खडी, खडीवर मोठे दगड. पाण्याला जाऊ द्यायचे, मातीला थांबवायचे. वाळूतून पाणी येते, मातीचा कण अडकतो. चहा गाळण्याचेच तत्त्व. सकाळी दहापर्यंत तिथून येणारे पाणी कमी झाले नव्हते, पण नितळ झाले होते. तो पोरगा चिखलात बसून एकटक त्या पाण्याकडे बघत होता. पाऊसही ओसरला. तलाव राहिला. तो त्या गाळणीमुळे राहिला की पाऊस थांबल्यामुळे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. त्यालाही विचारले, तोही म्हणाला, "दोन्ही, सर."

मग देखरेख करते कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. महाराष्ट्रात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे आहेत, दोन हजारांहून अधिक. नाशिकला १९८० पासून धरण सुरक्षितता संघटना आहे. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशी वर्षातून दोनदा तपासणी, ठरलेल्या नमुन्यात अहवाल, त्रुटींची गंभीर आणि किरकोळ अशी वर्गवारी, हे सगळे ठरून गेलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे आमच्या त्या रात्रीनंतर तीनच महिन्यांनी, देशाचा धरण सुरक्षितता कायदा लागू झाला. त्यात या दोन तपासण्या बंधनकारक झाल्या. पूर किंवा भूकंप आला की पुन्हा तपासणी आहे. धरण फुटले तर पाणी कुठवर जाईल, कोणाला कसे कळवायचे, माणसे कुठे न्यायची, याचा आपत्कालीन आराखडा करायचा आहे आणि जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षे दिली आहेत. कायदा चांगला आहे. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणे भिंतीची लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर अशा काही अटींत बसली तरच. आमचा तलाव यात बसत नाही. मराठवाड्यातले बहुतेक पाझर तलाव बसत नाहीत. ते कुठे जिल्हा परिषदेकडे आहेत, कुठे मृद व जलसंधारण विभागाकडे, कुठे जलसंपदा विभागाकडे, आणि काही कोणाकडे आहेत ते शोधायला दोन दिवस लागतात. मी शोधले आहे, म्हणून सांगतो.

लहान तलाव फुटला तर पुणे बुडत नाही, हे मान्य. पण खालची एक आळी बुडते, आणि त्या आळीतल्या माणसाला पानशेत आणि पाझर तलाव यातला फरक कळायला वेळ मिळत नाही. पाणी अडवले की धोका फक्त खालच्यालाच असतो असेही नाही. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या वरच्या अंगाला हसनाळ, रावणगाव ही गावे रात्रीत पाण्यात गेली, माणसे दगावली. तिथे काही फुटले नव्हते. अडलेले पाणी मागे सरकून गावात शिरले.

काकांना मी त्या रात्रीनंतर भेटलो. ते आता मुलाकडे असतात, दुसऱ्या गावी. बाटलीची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "प्लास्टिकची नको. काचेची घ्या, तळ दिसला पाहिजे." त्यांच्याच पद्धतीने आम्ही आता जून ते नोव्हेंबर दर रविवारी बाटली भरतो. नववी-दहावीची पोरे भरतात, चिठ्ठी लावतात, शाळेच्या खिडकीत ठेवतात. शाळेने आधी दारूच्या बाटल्यांना हरकत घेतली, मग सरबताच्या बाटल्या आणल्या. तो तरुण अभियंता येतो तेव्हा आधी खिडकी बघतो, मग पाळूवर जातो. त्याच्याकडे असे आणखी बरेच तलाव आहेत, किती ते तो हसून सांगत नाही.

मागच्या वर्षी आम्ही ग्रामसभेत दोन मागण्या केल्या. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत जे आढळेल ते गावात वाचून दाखवावे, ही पहिली. ती मान्य झाली. पाच मिनिटांचे वाचन असते, लोक कंटाळतात, पण 'सांडव्यावर दगड रचलेले आढळले' असे वाक्य आले की सगळे एकमेकांकडे बघतात. पुढच्या आठवड्यात दगड गेलेले असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर भिंतीवर नव्याने रंगवला, तो लागतो की नाही हे दर महिन्याला एक जण लावून बघतो.

दुसरी मागणी पाळूतून आरपार नेलेल्या पाईपांची होती. तीन पाईप आहेत. एक काढला. दुसऱ्याचा मालक म्हणतो, सोयाबीन निघाल्यावर काढतो. तिसरा माझ्या सख्ख्या मावसभावाचा आहे. तो माझ्याशी सध्या बोलत नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय पुन्हा घ्यायचे ठरले आहे.